झोपेचा तास

८ जानेवारी १९७३, सोमवार

कहर आहे! अकराची शाळा आजपासून सातला. आणि सुटायची कधी, तर सहाला! आमचे हेडमास्तर गहिनीनाथ गुरुजी शनिवारी जाता जाता म्हणाले, "बाई, सोमवारपासून शाळा खडीच्या हजेरीवर चालवू." म्हणजे गाव सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालं की शाळा भरणार आणि गाव परत आलं की सुटणार. मी नगरची. सातला आमच्याकडे पहिला चहा होतो!

दिवसभर मुलांना शिकवायचं तरी काय? त्यांचं डोकं म्हणजे काय रांजण आहे, ओतत राहायला? म्हटलं, गुरुजी, मुलं कंटाळतील. ते हसले आणि म्हणाले, बघू. हा माणूस भांडतच नाही, हीच तर पंचाईत आहे.

९ जानेवारी

काल रागात अर्धंच लिहिलं. गुरुजींचं म्हणणंही लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की त्यांनी सांगितलंच नव्हतं.

दरवर्षी दिवाळी झाली की चिंचदरा गाव कोयते घेऊन श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला जातं. मुलं बैलगाडीत, भांड्याकुंड्यांबरोबर. सातवीचा वर्ग ओस. या शाळेतून सातवीच्या परीक्षेला आजवर एकही मुलगी बसलेली नाही. यंदा उसालाच पाणी नाही, तोडणार काय? सरकारी खडीकाम गावाच्या माळावरच निघालंय. त्यामुळे गाव जागेवर, मुलं जागेवर. सातवीत सहा मुली! एप्रिलात पाथर्डीला परीक्षा. गुरुजी म्हणतात, असं वर्ष पुन्हा मिळायचं नाही. दुष्काळाबद्दल असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पण मुली वर्गात असून नसल्यासारख्या. पहाटे नदीतल्या झिऱ्यावर जातात. वाळूत खड्डा खणायचा, पाझरेल तसं वाटीनं हंड्यात भरायचं. मग शेरडं, शेणगोठा, धाकटं भावंड. अकराला शाळेत येईपर्यंत निम्मा जीव गेलेला असतो.

म्हणून गुरुजींनी रविवारी सगळ्या बापांना मारुतीच्या देवळात बोलावलं आणि एकेकाला बेल-भंडारा उचलायला लावला. बेल आणि हळद हातात घेऊन देवासमोर शब्द द्यायचा. इकडं तो शब्द कोणी मोडत नाही, घर मोडलं तरी. शब्द असा: परीक्षा होईस्तोवर शाळेतल्या पोराला ना पाण्याला धाडीन, ना शेरडांमागं, ना खडीवर.

हे मात्र नाही म्हटलं तरी भारी केलं.

१० जानेवारी

आज जे पाहिलं ते लिहायलाही संकोच वाटतो. दुपारी भाकऱ्या खाऊन झाल्या. मी फळ्यावर गणित लिहायला घेतलं तर गुरुजी दारात आले, ओठावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना म्हणाले, "चला, आडवे व्हा."

तरटपट्ट्यांवर सगळी शाळा आडवी! दप्तरं उशाला. पाचच मिनिटांत अशी शांतता की कौलांवरच्या चिमण्या ऐकू याव्यात. मी गुरुजींना बाहेर ओढूनच नेलं जवळजवळ. ते म्हणाले, एक तास झोपू द्यात. आणि गावात बोलू नका.

इतकी वर्षं वर्गात डुलक्या घेणाऱ्यांना छडी देत आले. आता काय, झोपत नाही म्हणून देऊ?

१२ जानेवारी

आज मीही झोपले. घोरले म्हणे. मेल्या सगळ्याजणी तोंडात पदर घालून हसत होत्या.

२४ जानेवारी

आज गुरुजींना पकडलंच. म्हटलं, तुमची ही दिवसभराची शाळा नीट बघितली. सकाळी भाषा, मग उन्हाआधी खेळ, मग गणित, भाकरी, झोप, मग एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, मग शिवणापाणीचा खेळ, लिंबाला मडक्यातलं उरलेलं पाणी, मग गोष्टी. शिकवतो आपण जेवढं पूर्वी शिकवत होतो तेवढंच! मग शाळा लांबवून साधलं काय?

ते कोणा एकीच्या पायातला काटा काढत होते. त्यांच्या टोपीच्या घडीत कायम सुई असते, त्यासाठीच. मान वर न करता म्हणाले, "शाळा लांबवली कुठं, बाई? त्यांचं काम आखूड केलं."

हे बी.ए. झालेल्या माझ्या डोक्यात का आलं नाही? मुलगी शाळेत बसलेली आहे तोवर तिला कोणी हंडा देऊ शकत नाही. शाळा म्हणजे त्यांनी नुसती कुंपणासारखी घातली आहे पोरांभोवती. आत काय शिकवता हा पुढचा प्रश्न.

मी या माणसाला भोळा समजत होते. भोळा कसला, पक्का आहे!

२ फेब्रुवारी

मनकर्णाबद्दल लिहायचं राहूनच जातं. सहादेवची थोरली. सातवीत, पण डिसेंबरात तिला जोडाक्षर आलं की ठेच लागायची. अक्षरावर बोट ठेवून झोपायची पोरगी, खरंच, बोट तिथंच. आज तिनं दुपारच्या वाचनात सगळा धडा एका दमात वाचला आणि शेवटी आपणच दचकली. मग गुरुजींनी विचारलं, "पुढं?" ती म्हणाली, "पुढं पान न्हाई, गुर्जी." काय हसलो आम्ही!

खरं सांगायचं तर रडू येणार होतं. हसून मोकळी झाले.

नंतर ती आईची गंमत सांगत होती. आई म्हणे भाकरी थापता थापता झोपली, तवा करपला, बाप ओरडला. ती नक्कल करून दाखवत होती, मान अशी पुढं. मुलींची हसून पुरेवाट. मीही हसले. झोपाळूपणा घराण्यातच दिसतोय!

१० फेब्रुवारी, शनिवार

खडीचा आज पगार. मिलोची, म्हणजे त्या अमेरिकेच्या लाल ज्वारीची, पिशवी डोक्यावर घेऊन मनकर्णाची आई, झुंबरबाई, शाळेवरून चालली होती. काळी, काटक बाई. उजव्या अंगठ्याला चिंधी, हातोडी लागली असणार. खिडकीतून आत डोकावली. मी बाहेर गेले तर हळूच विचारते, "शिकती न्हवं का?" म्हटलं, शिकते! तुमची पोरगी पहिली येईल. बरं म्हणाली आणि भिंतीला टेकली. मी पुढचं सांगत होते — उदाहरणं कशी सोडवते, अक्षर कसं सुधारलंय — आणि बघते तर काय, बाई उभ्या उभ्या झोपलेल्या! डोक्यावर पिशवी तशीच. मी खाकरले तशी जागी झाली, पदर ओढला आणि निघून गेली.

मला राग आला. मी एवढं कौतुक करतेय लेकीचं, आणि हिला ऐकायचीही हौस नाही.

२० फेब्रुवारी

शुद्धलेखन घेतलं. जानेवारीतल्या आणि आजच्या वह्या शेजारी ठेवल्या. ही तीच मुलं आहेत हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. त्रैराशिक पोरी बोलता बोलता करतात. सगळ्यात विशेष म्हणजे विचारतात! "बाई, हे असंच का?" आधी कोणी 'का' म्हणून विचारत नव्हतं. विचारायला माणूस जागा लागतो ना.

पलीकडच्या गावच्या मास्तरांनीही आमचं ऐकून सात ते सहा शाळा काढली होती. दिवसभर पाढे, आणि पाढे झाले की पुन्हा पाढे. पंधरवड्यात मुलं पळाली, निम्मी खडीवर गेली. ते आज गुरुजींना भेटायला आले होते, तुम्ही असं काय शिकवता म्हणून. गुरुजींनी त्यांना चहा दिला, गुळाचा, आणि म्हणाले, "कमी शिकवा." बिचारे चक्रावून सायकलवर बसून गेले.

नुसते तास वाढवून काही होत नाही हे मी आता पैजेवर सांगेन.

१ मार्च

झिरा आटत चाललाय म्हणतात. बायका आता नदीत आणखी वर जातात. मला माझ्या वाटचा हंडा शाळेचा शिपाई आणून देतो, तेवढं बरं.

९ मार्च, शुक्रवार

व्हायचं ते झालं. दुपारी झोपेच्या तासाला जिल्हा परिषदेची जीप! विस्तार अधिकारी साहेब न कळवता आले. मी पोरींच्या रांगेत आडवी. चपलांच्या आवाजानं उठले, केस सावरले, पण साहेबांनी पाहायचं ते पाहिलं होतं. सगळी शाळा जमिनीवर.

"ही शाळा आहे की धर्मशाळा?" साहेब.

गुरुजी दारात बसलेले, उठले, नमस्कार केला आणि साहेबांना — जिल्ह्याच्या साहेबांना! — ओठावर बोट ठेवून गप्प केलं. म्हणाले, "साहेब, हळू. थोडी राहिलीय झोप. उठली की काय विचारायचं ते विचारा."

आणि साहेब ओट्यावर बसून राहिले! मला तर वाटलं आता गुरुजींची बदली ठरलेली. माझा नगरच्या बदलीचा अर्जही गेलाच समजा. पण गुरुजी निवांत. साहेबांशी पावसापाण्याचं बोलत होते.

मुलं उठली. एका तांब्याच्या पाण्यात सगळ्यांनी डोळे पुसले. मग साहेबांनी सातवीला धरलं. व्याज, काळ-काम, भूगोल. मुद्दाम अडवत होते. पोरी अडल्या, नाही असं नाही, पण अडल्यावर रडल्या नाहीत. मनकर्णाला त्यांनी आपल्या खिशातलं वर्तमानपत्र दिलं. तिनं धरणाची बातमी वाचली, आणि वाचून झाल्यावर साहेबांनाच विचारलं, हे धरण आमच्याकडं का न्हाई? साहेबांना हसू आलं.

जाताना म्हणाले, मी काही लेखी देत नाही. पण वेळापत्रकात झोप लिहू नका.

जीप गेल्यावर गुरुजी तपकिरीची चिमूट घेऊन जोरात शिंकले. भ्यायले होते तर!

१० मार्च

जीपच्या ड्रायव्हरनं चहाच्या टपरीवर तोंड उघडलं. संध्याकाळपर्यंत गावभर — शाळेत पोरं झोपत्यात!

११ मार्च, रविवार

देवळात गाव गोळा झालं. बाप पुढं, बाया मागं खांबाशी. सहादेव तर लालबुंद. आमी उन्हात दगुड फोडायचे आन् पोरी सावलीत लोळनार, ह्याच्यासाठी भंडारा उचलला व्हय? उद्यापासनं माझी मनकर्णा खडीवर. आणखी दोघं-तिघं त्याला दुजोरा द्यायला उठले. परीक्षेला महिना राहिलेला, आणि सहाही पोरी हातच्या जाणार!

गुरुजी उभे राहिले. माझी चूक झाली, म्हणाले. तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं असतं तर तुम्ही पोरं दिली नसती म्हणून सांगितलं नाही. एवढंच. खाली बसले! मी मनात म्हणते, अहो गुरुजी, वह्या दाखवा, साहेबांचं सांगा, काहीतरी बोला!

मग देवळाचा पुजारी, म्हातारा, देवापुढची हळदीची वाटी पुसत पुसत म्हणाला, "सहादा, शबूद परीक्षेपातूर हाय. झोपंचं त्यात काय न्हवतं."

सहादेव उभाच. बघत होता त्या वाटीकडं. मग खाली बसला. असल्या माणसाला अडाणी कोण म्हणेल? शब्द दिला तो दिला, राग आला तरी पाळला. माझ्या ओळखीतले शिकलेले आठवून पाहिले. फार नाही निघाले.

सगळे उठत होते तेवढ्यात मागून झुंबरबाईचा आवाज आला. पहिल्यांदाच गावासमोर बोलली असावी. "किती येळ झोपत्यात?"

मी म्हटलं, एक तास.

"येक तास," ती म्हणाली. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग हंडा उचलून झिऱ्याकडं गेली. लेकीवर रागावली असेल असं वाटलं. पण मनकर्णा सोमवारी येईल, हे महत्त्वाचं.

१२ मार्च

आली! सहाही जणी.

५ एप्रिल

काल पाडवा. गुढीला लावायला कडुलिंब सोडून गावात हिरवं काही नाही. गुरुजींनी मुलींना सुट्टी दिली तरी त्या शाळेतच आल्या. घरी काय करायचं म्हणाल्या.

१० एप्रिल

परीक्षा झाली. पाथर्डीला दोन दिवस मुलींना घेऊन होते. तालुक्याच्या पोरी बघून आमच्या आधी बावरल्या, मग पेपर हातात आल्यावर लिहायलाच बसल्या. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर देऊन मनकर्णा बाहेर आली ती पहिलं वाक्य — "बाई, झोपंच्या टायमाला पेपर ठिवला हुता!" हसून हसून पोटात दुखलं.

गुरुजी येताना एस.टी.त माझ्या शेजारी बसून पूर्ण वेळ झोपले. टोपी हातात, सुई टोपीत.

२८ एप्रिल, शनिवार

सहाच्या सहा पास!! मनकर्णा केंद्रात तिसरी!

मला लिहिताना पुन्हा रडू येतंय. काही लाज नाही. गुरुजींनी घंटा बडवली ती थांबेचनात. खडीवरून माणसं धावत आली, आग लागली समजून. सहादेवला कळलं तेव्हा त्यानं गुरुजींचे पाय धरले, मग काय करावं ते सुचेना म्हणून माझेही धरले. मी उडीच मारली मागं.

साहेबांचा निरोप आलाय की दिवसभराच्या शाळेनं शिकणं सुधारतं का, यावर दोन पानं लिहून पाठवा, जिल्हाभर सांगू. गुरुजी म्हणाले, तुम्ही लिहा बाई, तुमची भाषा चांगली आहे. मी लिहिणार आहे. लिहिणार की तास वाढवून नाही, काम कमी करून. मुलांचं काम गेलं की शिकणं आपोआप येतं, आणि हे गहिनीनाथ गुरुजींनी करून दाखवलं.

नगरच्या बदलीचा अर्ज मागं घेतला. आईला काय सांगू ते बघू.

३० एप्रिल

आज पुन्हा देऊळ, पुन्हा वाटी. मनकर्णा जूनपासून पाथर्डीला आठवीत जाणार, वसतिगृहात नाही, रोज एस.टी.नं. सहादेवनं आपणहून भंडारा उचलला — पोरगी शिकंल तवर तिला हंड्याला हात लावू देनार न्हाई. सगळ्या देवळानं टाळ्या दिल्या. मी सगळ्यात जोरात. काय माणूस! आणि काय गुरुजी!

झुंबरबाई खांबाशी होती. तिनं टाळ्या दिल्या नाहीत, पदरानं तोंड पुसलं फक्त.

३ मे, गुरुवार

बाजाराचा दिवस, खडीला सुट्टी. परीक्षा झाली तरी गुरुजींनी शाळा चालूच ठेवली आहे, सातवीच्या पोरीही येतात. दुपारी मुलं झोपली, मी आडवी होणार तेवढ्यात दारात झुंबरबाई. हंडा तिनं बाहेर भिंतीला लावून ठेवला. मला वाटलं भांडायला आली. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली आणि मनकर्णाच्या शेजारी खाली टाकली, उशाला. मग म्हणाली, "भंडारा त्येंनी उचलला, बाई. हंडा म्याच उचलते. तिच्या वाटचाबी. अजून लागंल तितकी वर्सं उचलीन. आज येक तास मला हितं झोपू द्या."

मी तिच्यासाठी तरटपट्टी सरकवायला वाकले. ती तोवर झोपलीही.

चार महिने मी इथं गुरुजींचं कौतुक लिहितेय. हिच्याबद्दल मागची पानं आत्ता काढून पाहिली. एकदा हसलेय, एकदा रागावलेय.

गुरुजी दारात आले, तिला पाहिलं, तिथंच खाली बसले. आज उठायची घंटा त्यांनी दिली नाही. मुलं आपापली उठून चवड्यांवर बाहेर गेली. सहा वाजले. अजून झोपली आहे.